साबणाचं मीठ

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत रशिदाभाभींच्या हाताला चव आहे हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. लग्न असो, बाळाचा अकीका असो, नाहीतर तालमीच्या पोरांचं जेवण, देगीखालचा जाळ त्यांचा आणि देगीभोवतीचा शब्दही त्यांचाच. नवरा लालासाब लाकडं फोडायचा, देग उतरवायचा आणि बायकोची बोलणी खायचा. ही तिन्ही कामं त्यानं जन्मभर मनापासून केली. तो गेला आणि भाभींनी देगा उपड्या घातल्या त्या घातल्याच. मग उरला टीव्ही. तो चालू असला काय आणि बंद असला काय, भाभी त्याच्याकडे बघत बसायच्या.

अशा घरात नुजहत सून म्हणून आली. मिरजेची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आणि बोलण्यात सासूला पुरून उरणारी. मुलगा मुजम्मिल उद्यमनगरात लेथवर कामाला होता. सुनेला मोठी नोकरी लागेल आणि आपण पेठेत मान वर करून फिरू, असं भाभींनी धरून ठेवलं होतं. तर या पोरीनं घरामागच्या परड्यातल्या पत्र्याच्या शेडात एक निळं पिंप आणून ठेवलं आणि भांडी घासायचा पातळ साबण करायला घेतला!

"एवढी बुकं वाचून साबण?" भाभी म्हणाल्या. "शेजारच्या चिमणाबाई राखंनं घासत्यात. त्यांची भांडी काय काळी हायत व्हय?"

"भांडी न्हाईत, पण हात बघितलासा का त्यांचा?"

चिमणाबाईंचा हात भाभींनी बघितला होता. त्यामुळे तो विषय तिथंच राहिला.

खरं सांगायचं तर साबणात भाभींना काडीचा रस नव्हता. रस आला तो पुण्याच्या फोननंतर. तिकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुजहतला जागा मिळत होती. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही, असं तेव्हा तरी भाभींना वाटायचं. तिनं जेवताना सरळ सांगून टाकलं.

"अम्मी, पुण्यासनं बोलावणं आलंय. मुजम्मिललाबी तिकडं काम मिळतंय. पण माझा जीव ह्या साबणात हाय. हाटेलवाल्या नागाप्पाण्णांनी आमचा माल घेतला तर हितंच ऱ्हायचं. न्हाय घेतला, तर मग बघू."

हे "मग बघू" भाभींच्या घशाखाली उतरेना. पोरं गेल्यावर घरात कोण, तर आपण आणि टीव्ही. सणाला येतील, चार दिवस राहतील, पिशव्या भरून निघून जातील. रात्रभर त्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या आणि सकाळी गुडघ्यांची कुरकुर कानाआड करून शेडात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय ओ अम्मी?"

"काय न्हाय. बसून बसून कटाळा आला. दे तो पळा हिकडं, ढवळतो मी."

ढवळणं म्हणजे भाभींचा हातखंडा. साबण ढवळताना फेस येऊ द्यायचा नसतो. पळा तळाशी ठेवून सावकाश फिरवायचा, घाई केली की पिंपभर फेस. खिरीचं दूध ज्यानं उतू जाऊ दिलं नाही त्याला हे शिकवावं लागत नाही. त्या रोज येऊ लागल्या. ढवळता ढवळता प्रश्न विचारू लागल्या आणि नुजहतला तर शिकवायला माणूस हवंच होतं.

"ह्या साबणाच्या कणाला एक डोकं अस्तंय आन् एक शेपूट," ती सांगायची. "डोक्याला पाणी आवडतंय. शेपटीला पाणी बघवत न्हाय, तिला तेल पायजे."

"म्हंजे डोकं सासरी आन् पाय माहेरी."

"तसंच म्हणा की! मग पाण्यात पडल्यावर त्या शेपट्या काय करणार? सगळ्या एकमेकींना चिकटून आत लपत्यात आन् डोकी भायेर ठेवत्यात. त्याचा बारीक गोळा हुतोय. डोळ्याला दिसत न्हाय एवढा. तेलकट भांडं आलं की तेल त्या गोळ्याच्या पोटात शिरतंय आन् पाण्यासंगट भायेर."

"आन् शेपूट लांब असलं तर?"

नुजहतनं पळा फिरवणाऱ्या सासूकडे जरा चमकून बघितलं. याच प्रश्नावर तिनं दोन वर्षं प्रयोगशाळेत घालवली होती. "तर थोड्यातच गोळा जमतोय, अम्मी. आखूड शेपटीवाल्यांना लई गर्दी लागती. दोन शेपट्या असल्या तर गोळाच हुईत न्हाय, चादर अंथरल्यागत पसरत्यात. डोकं केवढं, शेपूट केवढं, त्यावर सगळा खेळ."

भाभींना हे आवडलं. माणसांचंही काही वेगळं नसतं, असं त्यांनी मनात म्हटलं. पण हे मोठ्यानं म्हणून सुनेला आणखी शेफारून ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

आता नागाप्पाण्णांविषयी. मिसळीची दोन हॉटेलं, एक रंकाळ्याच्या वाटेवर आणि दुसरं जोतिबाच्या पायथ्याला. मूळचे मुरगूडकडचे, घरात अर्धं कानडी बोलणारे, कपाळाला भस्म, आणि माल घेताना सख्ख्या भावावर विश्वास न ठेवणारे. मिसळीच्या कटाचं पातेलं म्हणजे काय हे ज्यानं घासलंय त्याला विचारावं. लाल तेलाचा थर असा बसतो की बोटानं नाव लिहावं. अण्णांनी साबण घेतला की त्यांच्या मागून बाकीची हॉटेलं घेणार, हे पेठेला माहीत होतं. त्यांची अट एकच होती. साबण जाड पाहिजे, पाण्यागत असला तर दारातूनच माघारी.

अण्णा यायच्या आदल्या संध्याकाळी नुजहतनं पिंप तयार केलं. शिरोलीहून आणलेली साबणाची पांढरी पेस्ट पाण्यात विरघळवून झाली होती, पण साबण अजून ताकासारखा पातळ होता. मग तिनं एका भांड्यात मिठाचं पाणी केलं आणि पळीपळीनं पिंपात सोडायला लागली. भाभी ढवळत होत्या. एक पळी, दोन पळ्या, आणि बघता बघता हातातला पळा जड झाला! साबण मधासारखा हलायला लागला.

"या अल्ला! मिठानं?"

"मिठानंच. आता हात लावायचा न्हाय. रातभर फेस बसू दे."

सकाळी नुजहत बाटल्या आणायला लक्ष्मीपुरीत गेली. अण्णा दुपारी यायचे होते. भाभी एकट्याच शेडात आल्या, झाकण उघडलं आणि पळा उचलून बघितला. साबण छान होता. पण छान म्हणजे किती छान? त्यांना वाटलं, अण्णासारखा खवट माणूस, त्याला हे पुरेल का? आणखी थोडा दाट असता तर बोलायला जागा राहिली नसती. आणि मीठ तर कोपऱ्यातच होतं.

माणसाला बुद्धी सुचते ती अशी. भाभींनी मूठभर मीठ पाण्यात विरघळवलं, बिस्मिल्ला म्हणून पिंपात सोडलं आणि ढवळलं. साबण खरोखर दाट झाला! पळ्यावरून सुटायला तयार होईना. भाभींचा आनंद गगनात मावेना. नुजहत आल्यावर तिला काही सांगायचं नाही, नुसतं बघत उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. आणि एवढ्यावर थांबावं की नाही? पण हात सैल असलेल्या माणसाला एकावर थांबता येत नाही. त्यांनी दुसरी मूठ घातली.

पळा हलका झाला.

भाभींना वाटलं, आपल्या मनगटालाच काहीतरी झालं. त्यांनी पळा वर उचलला. साबण भराभर खाली पडला. मघाशी मध होता, आता कालच्या बिनमिठाच्या साबणापेक्षा बरा एवढंच. आता मीठ कमी पडलं असणार, दुसरं काय? तिसरी मूठ. आणि साबणाचं ताक झालं.

भाभी पिंपाचा काठ धरून उभ्या राहिल्या. स्वयंपाकात एवढं तरी असतं की जीभ लावून कळतं. इथं जीभ लावायची सोय नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच! आणि तेवढ्यात त्यांना आपलाच नियम आठवला. देगीच्या मिठाला हात एकाचाच, हा त्यांच्या कामातला कायदा होता. दोघांनी मीठ घातलं की देग गेली. एकदा कागलच्या एका लग्नात एका शहाण्यानं त्यांच्या मागं रश्शात मीठ टाकलं, तर भाभींनी त्याला वऱ्हाडादेखत मांडवाबाहेर काढलं होतं. आज तो शहाणा त्या स्वतःच होत्या. मीठ नुजहतचं होतं, हात नुजहतचा होता, आणि पुण्याची वाट आपणच आपल्या मुठीनं मोकळी करून दिली होती.

त्यांना रडू आलं. खोटं काय सांगावं, हेही मनात येऊन गेलं. उन्हानं झालं म्हणावं, मांजर पडलं म्हणावं. पण मांजर पडून साबण पातळ होत नाही हे भाभींनाही कळत होतं.

नुजहत बाटल्यांचं पोतं घेऊन आत आली. तिनं पळा बुडवून वर काढला, सासूचा चेहरा बघितला, पुन्हा पळा बघितला.

"मी घातलं मीठ," भाभी म्हणाल्या. "तीन मुठी. जाड व्हावं म्हणून घातलं. काय बोलायचं ते बोल."

नुजहत बाटल्यांच्या पोत्यावर बसली आणि थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. पोरगी रडते आहे असं वाटून भाभी पुढं झाल्या, तर ती हसत होती.

"पयल्या मुठीला लई झ्याक झालं आसंल, व्हय ना?"

"व्हय की! तुला कसं कळलं?"

"सगळ्यांचं असंच हुतंय. आमच्या सरांचंबी झाल्तं." तिनं डोळे पुसले. "अम्मी, ते गोळे सांगितलेले ना? त्यांची डोकी एकमेकांना ढकलत्यात, जवळ येऊ देत न्हाईत. म्हणून तर गोळा हुतोय. मीठ मधी पडलं की त्यांचं भांडण मिटतंय. डोकी जवळ आली की गोळा लांब हुतोय, लांब हुतोय, आन् त्याची शेवई हुती. लाखो शेवया एकमेकींत गुंतल्या की साबण जाड."

"आन् जास्त मीठ झालं की शेवया तुटल्या?"

"तुटत न्हाईत लगेच. एकीला दुसरी चिकटून फाटे फुटत्यात. मग गुंता धरून ऱ्हाईत न्हाय, घसरतोय. सगळं सुळसुळीत. तुम्ही घातलं म्हणून न्हाय, कुणीबी घातलं तरी..."

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. अण्णा दुपारी येतो म्हणाले होते, पण वेळेआधी येऊन माल धरणं ही त्यांची जुनी खोड. शेडाच्या दारात ते उभे राहिले तेव्हा हातात कटाचं एक खरकटं पातेलं होतं, परीक्षेला बरोबर आणलेलं. त्यांनी न विचारता पळा उचलला.

"हे पाणी हाय की ओ!"

"अण्णा, जरा ऐका..." नुजहत उठली.

"काय ऐकायचं? मी सांगितल्तं, पातळ असला तर माघारी." त्यांनी पातेलं काखोटीला मारलं.

भाभी दारात आडव्या झाल्या. पेठेतल्या बैलालाही त्यांनी कधी वाट दिली नव्हती. "अण्णा, चूक माझी हाय. पोरीचा माल झ्याक झाल्ता, मी मीठ घालून वाटोळं केलं. तिला घटकाभर दे."

"घटकाभरानं काय हुणार?"

"पाणी घालून जाड करतो," नुजहत म्हणाली.

अण्णा थांबले. "काय घालून?"

"पाणी. बिनमिठाच्या साबणाचं."

"जल्म गेला माझा कटात पाणी घालण्यात," अण्णा म्हणाले. "पाण्यानं जाड झाल्यालं एकदाबी बघितलं न्हाय." पण ते पोत्यावर बसले. कोल्हापूरचा माणूस सौदा सोडून जाईल, तमाशा सोडून जाणार नाही.

कोपऱ्यात दुसऱ्या पिंपासाठी विरघळवून ठेवलेल्या पेस्टचा एक कॅन होता, मिठाचा कण न लागलेला. नुजहतनं त्यात आणखी पाणी घातलं. बघायला दुधाच्या धुवणासारखं ते पातळ दिसत होतं. ते तिनं मगानं पिंपात सोडायला सुरुवात केली आणि भाभींनी पळा धरला. पळा तळाशीच राहिला, फेस काही त्यांनी येऊ दिला नाही. रस्सा खारट झाला तर काय करतात हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसरा अळणी रस्सा करून त्यात मिसळायचा. पण खारटपणा जाईल हे वेगळं आणि पाण्यानं दाटपणा येईल हे वेगळं. त्यांचा विश्वास बसत नव्हता. तरी त्या ढवळत राहिल्या.

तीनचार मग झाले. काही नाही. अण्णांनी जांभई दिली.

आणखी दोन झाले आणि भाभींचं मनगट थबकलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण पळ्याला कुणीतरी आतून धरल्यासारखं झालं.

"आलं!" त्या ओरडल्या. "बास, बास! आता घालू नगोस!"

"आणि एक, अम्मी."

"अगं नगो!"

नुजहतनं घातला. भाभींनी डोळे मिटून घेतले. पळा आणखी जड झाला, इतका की त्यांना दुसरा हात लावावा लागला. डोळे उघडले तेव्हा अण्णा पिंपावर वाकले होते.

"हे तार धरतंय की!" अण्णांनी पळा उंच धरला. साबणाची जाड दोरी सावकाश खाली उतरत होती. "पाणी घातलं आन् तार धरली. अय्यो!"

मग पातेलं घासून झालं. बोटभर साबण, साधं बोअरचं पाणी, आणि तो लाल थर असा निघून गेला की अण्णांनी पातेलं उन्हात धरून तोंड बघितलं. सौदा जमल्यात जमा होता. पण शिकलेल्या माणसाच्या तोंडाला कुलूप कोण घालणार?

"अण्णा, खरं सांगतो," नुजहत म्हणाली, "जाडीनं भांडं निघत न्हाय. मघाच्या पातळानंबी असंच निघालं असतं."

आता गप बसायला काय घेशील, असं भाभींनी सुनेकडे बघून डोळ्यांनी विचारलं. सुनेला ते बरोबर कळलं आणि तिनं दुर्लक्ष केलं.

अण्णांनी पातेल्याच्या तळावरून बोट फिरवलं. मग हसले. "आमच्या बाचं गुऱ्हाळ हुतं. काळा गूळ चवीला भारी, पण गिऱ्हाईक पिवळाच मागायचं. बा म्हणायचा, लोकांच्या डोळ्यासंगट भांडू नये." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "पण पोरी, जाडीचं माझं कारण दुसरंच हाय. हाटेलातल्या बाया पातळ साबण बदाबदा वततात. जाड असला की बोटावर घेत्यात. माझा साबण वाचतोय. मला जाडच दे. आन् खरं बोललीस म्हणून दोन्ही हाटेलांना दे."

अण्णांची स्कूटर गल्लीच्या वळणाला गेली आणि भाभींनी पिंपावर झाकण घातलं. नुजहतनं चहा टाकला. दोघी शेडाच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायल्या. ऊन परड्यात उतरलं होतं. बाटल्या भरायच्या होत्या, पण कुणालाच घाई नव्हती.

"आता तरी पुण्याला न्हाय म्हणून कळवशील ना?" भाभींनी शेवटी विचारलं.

नुजहतनं बशीतला चहा फुंकला. "कवाच कळवलंय, अम्मी."

"कवा?"

"तुम्ही शेडात यायला लागलासा, त्याच्या म्होरल्याच आठवड्यात."

भाभींची बशी हातातच राहिली. "आन् मुजम्मिलला ठावं हाय?"

"त्याला इचारूनच कळवलं."

"म्हंजे घरात मी एकटीच येडी! आन् नागाप्पानं माल घेतला नसता तर?"

"तर दुसऱ्या नागाप्पाला दाखवला असता."

"मग मला का न्हाय बोललीस गं भवाने? मी हितं नमाजीत तुझ्या साबणासाठी दुवा मागालोय! रातचा डोळ्याला डोळा न्हाय माझ्या!"

नुजहतनं बशी खाली ठेवली. तिचं हसणं गेलं होतं. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी परत टीव्हीपुढं जाऊन बसला असता. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग तुम्ही पदर खोचून यायचासा आन् पळा मागायचासा. मला सांगवंना झालं."

लालासाब गेल्यापासून आपल्याला कुणी असं बघत असेल, आपण कधी उठतो, कधी बसतो याचा कुणी हिशेब ठेवत असेल, हे भाभींच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायची तसदी त्यांनी घेतली नाही. चहा संपवला. बशी आपटली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि परड्याच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ओ चिमणाबाई! ऐकलासा का? आमची सून एक लंबरची लबाड हाय!"

भिंतीपलीकडं भांडी वाजायची थांबली. "का ओ भाभी? काय केलं तिनं?"

"कुठं जाईत न्हाय ती!" भाभी अर्ध्या पेठेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या. "कुठंबी जाईत न्हाय!"